पहिलीचा पट आणि मॅट्रिकचा निकाल

दरवर्षी स्मरणिकेचे काम निघाले की शाळेच्या निकालाचे पान सर्वांत आधी तयार होते. मार्चमध्ये किती बसले, किती उत्तीर्ण झाले, शेकडा प्रमाण किती पडले, पहिला कोण आला, एवढे चार रकाने भरले की ते पान छापखान्यात जाते. या पानाविषयी माझी तक्रार नाही. अनेक वर्षे मीच ते लिहून दिले आहे आणि निकाल चांगला लागला त्या वर्षी मोठ्या अक्षरांतही छापून घेतले आहे. परंतु सेवानिवृत्तीनंतर जुनी जनरल रजिस्टरे सावकाश चाळण्याची सवड मिळाली, आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. निकालाच्या पानावरील 'बसले' हा आकडा कोठून येतो, याचा विचार आपण कधी केलेला नाही. दहा वर्षांपूर्वी पहिलीच्या वर्गात जेवढी नावे घातली गेली, त्यांतील किती मुले त्या बाकापर्यंत पोचली, हा प्रश्न त्या पानात येतच नाही. जो मुलगा सहावीतच गळाला तो नापास होत नाही. तो निकालात नसतोच.

हा प्रश्न एका शाळेचा नाही. आपल्या भागातील शिक्षणाच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर सव्वाशे-दीडशे वर्षांत काय बदलले आणि काय बदलले नाही हे बरेच स्पष्ट होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ची. शंभराहून अधिक उमेदवार त्या परीक्षेस बसले आणि उत्तीर्ण झालेल्यांची संख्या दोन डझनदेखील भरली नाही. त्यांच्यापैकी काही पुढे शिकून १८६२ साली पदवीधर झाले, त्यांत न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते हे सर्वांस ठाऊक आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की मॅट्रिक ही मुळात शाळा संपल्याची परीक्षा नव्हती. ती विद्यापीठात प्रवेश देण्याची परीक्षा होती. शाळा किती मुलांनी पुरी केली हे मोजण्यासाठी तिची योजना झालीच नव्हती. कॉलेजात कोणास घ्यावे आणि कोणास दारातून परत पाठवावे, यासाठी ती होती. तिचे नाव बदलले, अभ्यासक्रम बदलला, तरी हा मूळ स्वभाव फार काळ टिकून राहिला.

मॅट्रिकच्या खाली सामान्य माणसाची परीक्षा होती ती व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची. जुन्या पिढीतील मंडळी 'फायनल झालो' असे अभिमानाने सांगत आणि त्यात गैर काही नव्हते. फायनल झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक होऊ शके, तलाठ्याच्या कामास लागू शके. आपल्याकडील उर्दू शाळांतील पहिले अनेक मास्तर असेच फायनल झालेले होते. त्यामुळे सातवीस शाळा सोडणे याचा अर्थ त्या काळी आणि आज सारखा नाही. रजिस्टर वाचताना हे भान ठेवावे लागते.

१८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. मुस्लिम शिक्षणाविषयी त्या आयोगाने स्वतंत्र प्रकरण लिहिले. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी या आयोगापुढे साक्ष दिली होती. आयोगाच्या आकड्यांतून मुंबई इलाख्याचे जे चित्र निघते ते बंगालच्या चित्राहून निराळे आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. प्राथमिक शाळांत मुस्लिम मुलांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाच्या फार मागे नव्हते. माध्यमिक शाळेत आल्यावर ते एकदम उतरत असे आणि कॉलेजात तर मुस्लिम विद्यार्थी बोटांवर मोजावे लागत. तळाशी गर्दी आणि वर जाताच ओसाडी. मात्र एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात सिंध, गुजरात आणि कर्नाटकाचे काही जिल्हे होते. सिंध तर १९३६ पर्यंत इलाख्यातच होता. म्हणून इलाख्याचा आकडा हा महाराष्ट्राचा आकडा नव्हे. आमचे काही लेखक हे विसरतात आणि कराचीची मुले रत्नागिरीच्या खात्यावर मांडतात.

ही गळती का होत असे? याचे एक ठरीव उत्तर नेहमी दिले जाते: फारसीचा दरबारी मान गेला, समाज रुसला आणि इंग्रजी शिक्षणापासून दूर राहिला. हे उत्तर हंटरसाहेबांच्याच १८७१ च्या पुस्तकामुळे देशभर पसरले. पण ते पुस्तक मुख्यतः बंगालकडे पाहून लिहिलेले आहे. आमच्या दख्खनमध्ये आणि कोकणात कचेरीचे कामकाज पेशवाईतच मराठीत, मोडी लिपीत चालत होते. १८१८ नंतर इंग्रजांनीही ते बरेचसे तसेच ठेवले. फारसी गेल्यामुळे कोकणातील खलाशाचे किंवा भिवंडी-मालेगावच्या विणकराचे काय बिघडणार होते? येथील कारणे अधिक साधी होती. हायस्कूल जिल्ह्याच्या ठिकाणी. तेथे राहण्याची सोय नाही. फी दरमहा रोख द्यावयाची. आणि शिकून मिळणाऱ्या नोकरीची खात्री नाही. बोहरा, खोजा व मेमन घराण्यांत मुलगा हिशेब लिहिण्यापुरता तयार झाला की त्याला पेढीवर बसवीत. कोकणात तो जहाजावर जाई. मागावर बसणाऱ्या घरात आठ-दहा वर्षांचा मुलगा कांड्या भरू लागला म्हणजे तो कमावता झाला. रुसवा हा शब्द या घरांना लावणे मला बरोबर वाटत नाही. त्यांनी आपापला हिशेब केला होता. तो हिशेब चुकला असेल, पण तो हिशेब होता.

अंजुमन-ए-इस्लामची स्थापना मुंबईत १८७४ साली झाली आणि तिची शाळा १८८० मध्ये सुरू झाली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोघे या मंडळींच्या नावांबरोबर त्यांचा व्यवसायही पाहावा. एक बॅरिस्टर, एक सॉलिसिटर, एक जहाजांचे मालक. शिक्षणाची गरज ज्यांच्या धंद्यात प्रथम जाणवली त्यांनीच शाळा काढली. १८८६ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी अलिगढ येथे शिक्षण परिषद सुरू केली, त्यानंतर गावोगावच्या अंजुमनांस जोर आला. या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी पुढे जातो.

पट वाढविण्याचे खरे साधन शाळेपेक्षा वसतिगृह हे आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात ज्यांनी ओळखली त्यांत राजर्षी शाहू महाराजांचे नाव पहिले घ्यावे लागेल. कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय झाली. खेड्यातील मुलगा हायस्कूलपर्यंत पोचण्यातला सर्वांत मोठा अडथळा गावापासूनचे अंतर हा होता, आणि वसतिगृहाने तोच दूर केला. १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी हे १९०६ मध्येच सर्व राज्यास लागू केले होते. ब्रिटिश मुलखात मात्र नामदार गोखल्यांचे १९११ चे विधेयक पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांचा कायदा झाला खरा, पण त्याने सक्ती करण्याची केवळ मुभा नगरपालिकांना दिली. कर बसविण्याचे धाडस असेल त्या नगरपालिकेने सक्ती करावी, असा त्याचा अर्थ. ज्या शहरांत समाजाची मुले दाटीने राहत होती, तेथे हा कायदा कागदावर किती आणि वर्गात किती उतरला, हा अभ्यासाचा विषय आहे. १९१९ मध्ये भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीस जेवत.

येथे एका ग्रंथाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिक्षणाचा जो इतिहास पुढे देशभर पाठ्यग्रंथ म्हणून वाचला गेला, तो १९४३ साली दोघांनी मिळून लिहिला: सय्यद नुरुल्ला आणि जे. पी. नाईक. नाईक हे आपल्या कोल्हापूर भागातले, पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले. पटावरील आकडा आणि प्रत्यक्ष शिकणारे मूल यांतील तफावतीकडे नाईकांचे लक्ष आयुष्यभर राहिले. समता, गुणवत्ता आणि संख्या ही तिन्ही एकाच वेळी साधत नाहीत, असे त्यांनी पुढे १९७५ मध्ये मांडले. संस्थेच्या ग्रंथालयात त्यांची पुस्तके असावीत असे मी दोनदा सुचविले आहे. तिसऱ्यांदा येथे सुचवितो.

स्वातंत्र्य आले तेव्हा देशाचा साठा केवढा होता? १९५०-५१ साली भारतात पहिली ते पाचवीच्या वर्गांत सुमारे १९२ लाख मुले होती. सहावी ते आठवीत ३१ लाख. त्यापुढच्या वर्गांत अवघी १५ लाख, आणि त्या पंधरा लाखांत मुली दोन लाख. म्हणजे प्राथमिक वर्गांतील दर शंभर मुलांमागे वरच्या वर्गांत आठ. हेच प्रमाण १९७०-७१ मध्ये तेरा झाले आणि २०००-०१ मध्ये सुमारे चोवीस. त्या वर्षी प्राथमिक वर्गांत ११३८ लाख आणि नववीपुढे २७६ लाख विद्यार्थी होते, पैकी मुली १०६ लाख. हा मोजण्याचा ढोबळ मार्ग आहे, कारण आज नववीत बसलेली मुले ही आजच्या पहिलीतली नव्हेत. ती आठ वर्षांपूर्वीच्या, लहान पटातली आहेत. तरीही पन्नास वर्षांत शिडी किती रुंद झाली याची कल्पना त्यातून येते. शिडीची खालची पायरी सहापट रुंदावली, वरची अठरापट.

महाराष्ट्रात या वाढीस अनेक हातभार लागले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा वाडीवस्तीपर्यंत गेली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांस फीची सवलत मिळाली. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असल्याचा दाखला आणला की फी माफ. 'ईबीसी' ही तीन अक्षरे त्या पिढीच्या कानावर अशी बसली आहेत की आजही कित्येक आजोबा 'मी ईबीसीवर शिकलो' म्हणतात. सवलतीत जात-धर्माची अट नव्हती, त्यामुळे मुस्लिम कारागिरांच्या मुलांना ती सरळ मिळाली. दाखल्यासाठी तलाठ्याकडे घालाव्या लागणाऱ्या खेपा हा भाग वेगळा. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि मराठीबरोबर उर्दूतही क्रमिक पुस्तके निघू लागली.

मराठवाड्याची कथा मात्र स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण तेथे आलेख सरळ वर गेला नाही. तो मध्येच मोडला. निजामाच्या राज्यात १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ होते आणि त्याचे माध्यम उर्दू. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. परंतु ज्यांची मातृभाषा मराठी त्या बहुसंख्य मुलांना दुसऱ्याच्या भाषेत शिकावे लागे, आणि त्यांची गळती त्यामुळे प्रचंड होती. मराठवाड्यातील साक्षरता त्या काळी किती मागे राहिली याचे एक मोठे कारण तेच. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चक्र उलटे फिरले. शाळा मराठी झाल्या, कचेऱ्या मराठी झाल्या. बहुसंख्य मुलांना हायस्कूलचे दार उघडले हे न्याय्यच झाले. पण त्याच क्षणी उर्दूत सातवी-आठवीपर्यंत आलेला मुस्लिम मुलगा पुढच्या वर्गात परका झाला. त्याच्या वडिलांची नोकरी ज्या भाषेवर होती ती भाषा कचेरीतून गेली होती. महाराष्ट्रात ज्या 'फारसी गेल्याच्या' दुःखाविषयी बोलले जाते, ते मला वाटते खरे घडले ते येथे, आणि एकोणिसाव्या शतकात नव्हे तर १९४८ मध्ये. एकाच निर्णयाने एका वर्गाचा पट भरला आणि दुसऱ्या वर्गाचा रिकामा झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांतील एकच सांगणारा माणूस वाचकाची फसवणूक करतो. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १९६० नंतर औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड येथे समाजाच्या संस्था हळूहळू उभ्या राहिल्या, त्या या पडझडीनंतर.

आकड्यांची तुलना करताना आणखी दोन खाचखळगे आहेत. मुंबई राज्यात मॅट्रिक विद्यापीठाकडून गेली आणि १९४९ पासून एस. एस. सी. आली. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात, मराठवाडा हैदराबादेत. तेथल्या परीक्षा निराळ्या. सर्व महाराष्ट्राचे एकच मंडळ झाले ते १ जानेवारी १९६६ रोजी. म्हणजे त्यापूर्वीचा 'महाराष्ट्राचा निकाल' शोधणे व्यर्थ आहे. दुसरे, १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी परीक्षेस बसली. ते वर्ष ज्याने पाहिले त्याला अकरावीच्या आणि दहावीच्या मुलांनी एकाच वेळी कॉलेजच्या दारात लावलेल्या रांगा आठवत असतील. त्या वर्षीच्या आकड्यास उडी म्हणून दाखविणाऱ्या तक्त्यावर विश्वास ठेवू नये. शाळा एक वर्षाने लहान झाली होती, इतकेच.

कोकणात १९७३ नंतर आखाती देशांचा मार्ग उघडला आणि आपल्या घरांत पैसा आला. याचा शाळेवर परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. पहिल्या लाटेत आठवी-नववीतून मुले उठून गेली. सुतारकाम, वायरमनचे काम, ड्रायव्हिंग यांना दहावी लागत नव्हती. पुढे अनुभव असा आला की कागद नसलेल्या माणसाची किंमत परदेशात सर्वांत कमी. कालांतराने दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पारपत्रावर स्थलांतर तपासणीची अट उरली नाही आणि दहावीच्या प्रमाणपत्रास एकाएकी रोख मोल आले. जे काम शंभर व्याख्यानांनी झाले नाही ते त्या एका शिक्क्याने केले. दुसरीकडे, पुरुष बाहेर असलेल्या घरांत मुलींची शाळा लांबत गेली. आईने पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतले होते. तिने मुलीला शिकविले.

मुलींविषयी रजिस्टर काय सांगते? जनरल रजिस्टरात शेवटचा रकाना 'शाळा सोडण्याचे कारण' असा असतो. जुन्या पानांत मुलांपुढे 'मुंबईस गेला', 'सतत गैरहजर', 'गाव सोडले' असे शेरे दिसतात. मुलींपुढे 'घरकाम' आणि 'लग्न'. पुढच्या पानांवर हे शेरे खाली सरकत नाहीत, पण त्यांच्यासमोरची इयत्ता सरकते: चौथी, सातवी, नववी. साठ-सत्तर वर्षांचा बदल एवढ्या एका बोटाच्या अंतरात दिसतो. दहावीच्या निकालात मुलींचे शेकडा प्रमाण मुलांपेक्षा वर राहते, हे आता दरवर्षीच्या बातमीत असते. आमच्या उर्दू हायस्कुलांत तर नववी-दहावीच्या वर्गात मुली अधिक आणि मुले कमी हे दृश्य सामान्य झाले आहे. मुलींनी प्रगती केली याचा आनंद आहेच. मुले कोठे गेली याची चौकशी तितक्या उत्साहाने होत नाही. गॅरेज, पॉवरलूम, हातगाडी, मोबाईल दुरुस्तीचे दुकान येथे ती सापडतात.

आता अलीकडच्या आकड्यांकडे येतो. देशात पहिली ते दहावी दरम्यानची गळती १९८०-८१ मध्ये ८२.५ टक्के होती. २०००-०१ मध्ये ६८.६ आणि २०१०-११ मध्ये ४९.३. तीस वर्षांत मोठी घट झाली, तरी शेवटच्या आकड्याचा अर्थ शंभरातून एकोणपन्नास असाच होतो. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ च्या अहवालात सांगितले की सतरा वर्षांवरील मुस्लिमांत मॅट्रिक झालेले १७ टक्के आहेत आणि सर्व लोकसंख्येत २६ टक्के. त्याच समितीने हेही दाखविले की शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी सुमारे ३ टक्केच आहेत. सारा समाज मदरशात बसला आहे, हा समज त्यामुळे निराधार ठरतो. सत्त्याण्णव मुलांचा प्रश्न साध्या शाळेचाच आहे.

महाराष्ट्रात तर आणखी कोडे आहे. २००१ च्या जनगणनेत येथील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याची ७६.९. आपण सरासरीच्या पुढे! पण येथील सुमारे सत्तर टक्के मुस्लिम शहरांत राहतात आणि शहरात शाळा जवळ असते, हे त्यामागचे साधे कारण. शहरातील इतरांशी ताडून पाहिले की अभिमान ओसरतो. आणि उच्च शिक्षणात काय? २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत मुस्लिम विद्यार्थी सुमारे २१ लाख, एकूण विद्यार्थ्यांच्या ४.८७ टक्के, लोकसंख्येत हेच प्रमाण २०११ मध्ये १४.२ टक्के होते. २०२०-२१ या कोरोनाच्या वर्षात ही संख्या पावणेदोन लाखांहून अधिक घटून १९.२१ लाखांवर आली होती आणि पुढच्या वर्षी भरून निघाली. १८८२ च्या आयोगापुढे जे चित्र होते, तळाशी गर्दी आणि वर विरळ, ते आकार मोठा होऊनही ओळखू येते.

आणि निकालाचे शेकडा प्रमाण? राज्यात दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला, २०१९ मध्ये ७७.१०, २०२० मध्ये ९५.३०. तीन वर्षांत महाराष्ट्राची मुले आधी मठ्ठ आणि मग हुशार झाली काय? २०१९ साली भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून घेतले होते, ते पुढच्या वर्षी परत दिले. २०२१ मध्ये परीक्षा झालीच नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२५ चा ९४.१०. ज्या आकड्यावर आपण फटाके वाजवितो तो एवढा लवचीक आहे.

याहून कठीण गोष्ट सांगावयाची आहे. २०१० मध्ये शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला आणि आठवीपर्यंत कोणास नापास करावयाचे नाही असे ठरले. मुले शाळेत टिकली हे त्याचे खरे यश. त्याआधी तांदळाने आणि मग खिचडीने जे केले ते याने पुरे केले. परंतु त्यानंतर सर्व भार नववीवर आला. दहावीचा निकाल शाळेची अब्रू ठरतो. मग ज्याचा भरवसा नाही त्याला नववीतच अडवावे, पालकांना बोलावून 'सतरा नंबरचा फॉर्म भरा' असे गोड शब्दांत सांगावे. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून बसणे. मुलगा नापास झाला तरी तो शाळेच्या खात्यावर पडत नाही. ज्यांना शाळा सोडून वर्षे झाली, संसार झाला, त्यांच्यासाठी ही सोय वरदान आहे. पंधरा वर्षांच्या वर्गातल्या मुलासाठी ती बाहेर जाण्याचा दरवाजा होते. मी ज्या शाळांत काम केले त्यांतील एकीत हे घडत होते आणि त्या सभेत मीही खुर्चीवर बसलेला होतो. त्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला आणि आम्ही पेढे वाटले.

पट फुगविण्याचा रोगही जुनाच. पूर्वी दिपोटी तपासणीस येणार असे कळले की मास्तर शेतातून, मागावरून मुले गोळा करून वर्गात बसवीत, कारण अनुदान हजेरीवर आणि परीक्षेवर मिळे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्य सरकारने एकाच वेळी सर्व शाळांची पटपडताळणी केली तेव्हा कागदावरील लाखो नावे वर्गात सापडली नाहीत. दिपोटी गेला, मास्तर बदलले, पण प्रकार तोच. आता आधार क्रमांक जोडल्याने दुहेरी नावे गळत आहेत आणि जन्मही कमी होत आहेत, म्हणून देशाचा शालेय पट २०२२-२३ मधील सुमारे २५.१८ कोटींवरून २०२३-२४ मध्ये २४.८० कोटींवर आला. ही घट पाहून घाबरण्यापूर्वी त्यातील खरी मुले किती आणि शाईची किती हे पाहावे लागेल.

या सर्वांवरून आपल्या संस्थेपुरते एक साधे काम करता येण्यासारखे आहे व मी ते सुरू केले आहे. एका वर्षी पहिलीत दाखल झालेली सर्व नावे घ्यावयाची आणि दहा वर्षे त्यांच्या मागे जावयाचे: प्रत्येक इयत्तेत कितीजण उरले, जे गेले ते कोणत्या दाखल्यावर गेले, दुसऱ्या शाळेत गेले की घरी बसले. दुसऱ्या शाळेत गेलेला मुलगा गळालेला नव्हे, म्हणून दाखल्याची प्रत पाहावी लागते. आतापर्यंत चार तुकड्यांची नावे उतरून झाली आहेत. ती पुरी तपासल्यावाचून आकडे छापणार नाही. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत, कमिटीने जागा दिल्यास, निकालाच्या शेजारच्या पानावर तो तक्ता देण्याचा विचार आहे.

अडचण मधल्या एका रजिस्टराची आहे. एका पावसाळ्यात कपाटात पाणी शिरले आणि १९६० नंतरच्या काही वर्षांची पाने एकमेकांस चिकटली. नावे वाचता येतात, शेवटचा रकाना वाचता येत नाही. त्या काळात आपल्या शाळेत पहिलीत बसलेले जे कोणी हे वाचतील, किंवा ज्यांचे भाऊ-बहीण तेव्हा येथे होते, त्यांनी कोणत्या इयत्तेत व कशामुळे शाळा सोडली एवढे दोन ओळींत लिहून कार्यालयात द्यावे. जुनी गुणपत्रिका किंवा दाखला असल्यास झेरॉक्स पुरे आहे. मूळ कागद आपल्याजवळच ठेवावा. मी जुम्म्याखेरीज इतर दिवशी दुपारी तेथे असतो.